महिन्याच्या २२ तारखेला

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात):

मी ३७ वर्षांची आहे. स्पीच थेरपिस्ट म्हणून गेली ११ वर्षं एकाच संस्थेत लहान मुलांबरोबर काम करते. बहुतेक मुलं कमी ऐकू येणारी किंवा उशिरा बोलू लागलेली. कामाचं मला अतिशय समाधान आहे. पूर्वी दिवसाला ६ मुलं असायची, आता ११ असतात. वर्षभरात तीन वरिष्ठ बदलले. प्रत्येक सत्रानंतर अहवाल भरावे लागतात, ते कुणीच वाचत नाही. पण एखादं मूल पहिल्यांदा स्वतःहून शब्द उच्चारतं, तेव्हा मला पगाराची आठवणही होत नाही. महिन्याच्या २२ तारखेला मात्र होते.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा व्यवसाय बुडाला. त्याचं कर्ज, घराचा हप्ता, मुलीचं शिक्षण हे सगळं आता बव्हंशी माझ्या पगारावर चाललंय. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने मला 'प्रशिक्षण आणि विक्री' विभागाची प्रमुख म्हणून बोलावलंय. पगार आजच्या अडीचपट. कळवायला १२ दिवस आहेत. नवरा म्हणतो, 'निर्णय तुझा.' आई म्हणते, 'समाधान पैशात मोजायचं नसतं.' मैत्रीण म्हणते, 'समाधानाने हप्ते फिटत नाहीत.' मी होकार दिला तर पैशाला भुलले असं आयुष्यभर वाटत राहील का?

उत्तर:

तुमचं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'समाधान' हा शब्द त्यात ९ वेळा आलाय. ८ वेळा तो नुसताच येतो आणि जातो. एकदाच त्याच्यामागे काहीतरी दिसतं, ते मूल आणि त्याचा पहिला शब्द. मग ६ ची ११ झालेली मुलं, बदलणारे वरिष्ठ आणि न वाचले जाणारे अहवाल, यांच्यावर मात्र तुम्ही दीड पान लिहिलंय. त्यातला राग तुम्हाला स्वतःला दिसलेला नाही, कारण त्या पानाची सुरुवातच 'कामाचं मला अतिशय समाधान आहे' अशी केलीय.

म्हणून पैशाकडे वळण्याआधी मी समाधानाबद्दल विचारतो. ज्या कामावर तुमचा जीव आहे ते काम आणि रोज सकाळी तुम्ही ज्या नोकरीवर जाता ती नोकरी, यांत या ११ वर्षांत बरंच अंतर पडलं असावं, असा मला संशय आहे. काम तेच राहिलं. नोकरी खालच्या खाली सरकत गेली. तुम्ही अजून ६ मुलांच्या काळातलं समाधान तराजूत टाकताय आणि ते ११ मुलांच्या काळातल्या नोकरीच्या नावावर मांडताय.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, नोकरीत फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? १९५९ साली ते काम प्रसिद्ध झालं. बरं वाटल्याच्या आठवणींत बहुतेकदा प्रत्यक्ष काम होतं, जमलेली गोष्ट होती, मिळालेली दाद होती. वाईट वाटल्याच्या आठवणींत धोरणं, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती. पगारही त्याने या दुसऱ्या बाजूला ठेवला. त्याच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तही होती, कारण चांगल्याचं श्रेय स्वतःला आणि वाइटाचा दोष कार्यालयाला देणं हा आपला सगळ्यांचा स्वभाव आहे. तरी एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे. समाधान आणि वैताग एकाच पट्टीची दोन टोकं नसतात. माणूस एकाच दिवशी दोन्ही भरपूर घेऊन घरी येऊ शकतो. तुम्ही तशाच येताय.

तेव्हा पहिलं काम असं करा. मागचा मंगळवार आठवा. मंगळवारच का, तर त्याला सोमवारचा वैताग नसतो आणि शुक्रवारचा हुरूपही नसतो. सकाळपासून तासांचा हिशेब लिहा. मुलांबरोबर किती वेळ गेला? त्यातलं किती काम मनासारखं झालं आणि किती घड्याळाकडे बघत? अहवालांना किती? लिहिताना कामाचं कौतुक करू नका, तक्रारही करू नका, फक्त मिनिटं लिहा. मग कंपनीला विचारा की त्या पदावर किंवा त्याच्या जवळपासच्या पदावर आज जी व्यक्ती आहे, तिच्याबरोबर एक दिवस घालवता येईल का? पदासाठी स्वतःहून बोलावणारी कंपनी याला सहसा नाही म्हणत नाही, आणि म्हणालीच तर त्यातूनही काही कळेलच. 'समाधान' आणि 'पैसा' हे दोन शब्द समोरासमोर ठेवून १२ काय, १२० दिवसांतही निर्णय होणार नाही. दोन मंगळवार समोर ठेवलेत तर होईल.

आता आईच्या वाक्याकडे येतो. 'समाधान पैशात मोजायचं नसतं' हे वाक्य ऐकायला इतकं नितळ आहे की ते कोण म्हणतंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे विचारायचं राहूनच जातं. तुमच्या आई ते मायेने म्हणाल्या, यात शंका नाही. पण हेच वाक्य तुमची संस्थाही वेगळ्या शब्दांत तुम्हाला सांगत आलीय. 'तू हे पैशासाठी करत नाहीस, हे आम्हाला माहीत आहे,' असं एका वरिष्ठाने वेतनवाढीच्या वेळी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. कौतुक म्हणूनच लिहिलंय! मला ते कौतुक वाटलं नाही.

स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन या दोन संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या सुमारे हजारभर लोकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ही माणसं बहुतेक शिकलेली, पगार तुटपुंजा, काम अंगमेहनतीचं आणि घाणीचं. तरी त्यांतल्या अनेकांना वाटत होतं की आपला जन्मच या कामासाठी आहे. त्यामुळे त्यांना कामात खोल अर्थ सापडत होता, हे खरंच. पण त्याच भावनेमुळे ती पगार, सोय, स्वतःचा वेळ सोडायला तयार होत होती, आणि व्यवस्थापनाने आपल्या या निष्ठेचा गैरफायदा घेऊ नये म्हणून सावधही राहत होती. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या. ज्याला कामाची ओढ आहे त्याला कमी पैशात राबवून घेणं सोपं असतं, कारण जास्त मागताना त्यालाच अपराधी वाटतं. तुम्हाला वाटतंय ते अपराधीपण नेमकं कुणाच्या सोयीचं आहे, एवढं एकदा बघा.

पैसा हवासा वाटणं म्हणजे भुलणं, हे तुमच्या प्रश्नातलं गृहीतक मला मान्य नाही. कर्ज फिटावं, २२ तारखेला पोटात गोळा येऊ नये, असं वाटण्याला लोभ म्हणत नाहीत.

पैशाने माणूस सुखी होतो का, यावर संशोधकांतही बराच काळ ओढाताण चालली. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन, दोघेही अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले, यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून मांडलं की रोजचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतं, पण वर्षाला ७५,००० डॉलरच्या आसपास थांबतं. (स्वतःच्या आयुष्याला लोक किती गुण देतात, ते मात्र त्यापुढेही वाढत होते. हा अर्धा भाग पुढे फारसा कुणी सांगितला नाही.) २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवरून 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारून गोळा केलेल्या नोंदी मांडल्या. त्यांत सुख कुठे थांबतच नव्हतं. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी भांडत न बसता बार्बरा मेलर्स या मानसशास्त्रज्ञांना मध्ये घेऊन आकडेवारी पुन्हा तपासली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला तो असा: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं, पण सर्वांत दुःखी असलेल्या साधारण १५ ते २० टक्के लोकांचं एका टप्प्यानंतर थांबतं. पैशाने सुटण्यासारखी दुःखं तोवर सुटलेली असतात. उरतात ती आजारपणाची, ताटातुटीची, एकटेपणाची, आणि त्यांना पगारवाढ पुरत नाही.

हे तुम्हाला इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं की, तुमच्या काळजीतला मोठा भाग पैशाने सुटण्यासारखाच आहे. ज्याचे हप्ते थकतात त्याला मिळालेली जादा रक्कम आणि ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याला मिळालेली तेवढीच रक्कम, यांचं वजन सारखं नसतं. तुमची मैत्रीण इथपर्यंत बरोबर आहे.

पुढे ती थोडी चुकते. २०१० मध्येच टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी ९२ वेगवेगळ्या नमुन्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिलं, तेव्हा पगाराची पातळी आणि नोकरीतलं समाधान यांचा संबंध ०.१५ च्या आसपास निघाला. १ म्हणजे पूर्ण संबंध, शून्य म्हणजे काहीच नाही. तेव्हा ०.१५ म्हणजे आहे, पण पुसट. पैसा घरातली काळजी कमी करेल. नोकरीतले तास तोच गोड करेल, अशी आशा धरू नका. शिवाय अडीचपट पगाराचाही काही महिन्यांत नुसता 'पगार' होतो. आणि तुलना आहेच. अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी १९९६ मध्ये सुमारे ५,००० ब्रिटिश कामगारांच्या माहितीवरून दाखवलं होतं की, आपल्यासारख्या माणसांना जितका जास्त पगार मिळतो असं दिसतं, तितकं आपलं समाधान घटतं. आज तुमची तुलना संस्थेतल्या सहकाऱ्यांशी आहे. कंपनीत गेलात की शेजारच्या विभागाच्या प्रमुखाशी होईल, आणि त्याचा पगार तुमच्याहून जास्त असेल.

आता पत्रातल्या ज्या दोन शब्दांवर माझी पेन्सिल सगळ्यात जास्त वेळ थांबली त्यांच्याबद्दल. 'निर्णय तुझा.'

हे वाक्य आधाराचं वाटतं. मोकळीक दिल्यासारखं वाटतं. कदाचित तुमचे पती त्याच भावनेने म्हणालेही असतील. व्यवसाय बुडालेल्या माणसाला घरात पैशाविषयी मत द्यायला किती संकोच होत असेल, याची कल्पना मी करू शकतो. पण बघा काय झालंय. कर्ज दोघांचं, घर दोघांचं, मुलगी दोघांची, आणि ते फेडण्यासाठी कुणी काय सोडायचं हा प्रश्न मात्र एकटीचा. तुम्ही तो 'समाधान की पैसा' असा, स्वतःच्या मनातल्या द्वंद्वासारखा लिहून पाठवलात. मला तो कुटुंबाच्या कर्जाचा प्रश्न वाटतो. पूर्ण पत्रात पती आज काय करतात, किती कमावतात, पुढच्या दोन वर्षांत काय करायचं त्यांच्या मनात आहे, याबद्दल एक ओळही नाही. मुलीच्या गणिताच्या गुणांवर आहे, यांच्यावर नाही.

दोष द्यायला हे लिहीत नाही. पण १२ दिवसांतली पहिली संध्याकाळ तुमच्या दोघांच्या बोलण्यासाठी काढा. मुलगी झोपल्यावर, कागद घेऊन. 'मी ही नोकरी घेऊ का?' या प्रश्नाने सुरुवात केलीत तर पुन्हा 'निर्णय तुझा' हेच ऐकू येईल. 'आपलं कर्ज किती उरलंय आणि ते आपण किती महिन्यांत, कुणाच्या किती पैशातून फेडणार आहोत?' असं विचारा. त्यांच्याकडून आकडा येऊ द्या, हमी नको. आणि तुम्ही नवी नोकरी घेतलीत, उशिरापर्यंत काम आणि फिरती आली, तर घरातलं काय काय ते उचलतील, तेही त्याच कागदावर येऊ द्या. हे बोलणं कठीण जाईल. घरातलं मौन राखण्यासाठी नोकरी बदलणं हा फार महागडा मार्ग आहे.

मग हिशेब. 'अडीचपट' हा शब्द मी मुद्दाम मोडून दाखवतो, कारण असा प्रस्ताव हातात असलेल्या प्रत्येकाने तो मोडून पाहायला हवा. समजा तुमचा आजचा पगार १०० आहे आणि नवा २५०. विक्रीशी जोडलेल्या पदांत पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि एक भाग टार्गेट गाठलं तरच मिळतो. समजा हा दुसरा भाग ३५ टक्के आहे. म्हणजे हातात नक्की येणार ते साधारण १६२. आज जाण्यायेण्यासकट तुमचे दिवसाला ९ तास जातात, तिकडे ११ जातील असं धरू. ताशी हिशेब केला तर १००ला ९ ने भागून ११, आणि १६२ला ११ ने भागून पावणेपंधराच्या आत. अडीचपट म्हणता म्हणता ताशी वाढ एक तृतीयांश उरली. फिरतीच्या रात्री यात धरलेल्याही नाहीत.

आता हाच हिशेब कर्जाला लावा. समजा दर महिन्याला घरखर्चात ३० कमी पडतात आणि व्यवसायाचं कर्ज ९०० उरलंय. नुसता ठरलेला पगार मिळाला, तर कर वजा जाता हातात साधारण ५५ जास्त येतील. ३० ची तूट भरून २५ उरले. व्याज बाजूला ठेवलं तरी ९०० फिटायला ३६ महिने. टार्गेट पूर्ण होऊन सगळा पगार मिळाला, तर समजा १२० जास्त येतील, तूट भरून ९० उरतील, आणि कर्ज १० महिन्यांत संपेल. १० महिने की ३ वर्षं, हा फरक कुणाच्याही समाधानाच्या व्याख्येवर अवलंबून नाही. नियुक्तिपत्रातल्या एका टक्केवारीवर आहे. आणि ती टक्केवारी तुम्ही अजून विचारलेली नाही. खरे आकडे घालून बघा. मला माझे समजून घेतलेले आकडे खरे ठरावेत असं अजिबात वाटत नाही.

कंपनीला विचारायचंच आहे तर आणखीही काही विचारा. टार्गेट कोण ठरवतं आणि मागच्या दोन वर्षांत या पदावरच्या माणसाने ते किती वेळा गाठलं? महिन्यातले फिरतीचे दिवस किती? आधीची व्यक्ती का गेली? नोकरी सोडताना किती आधी सांगावं लागतं, आणि सोडल्यावर याच क्षेत्रात काम करायला काही काळ बंदी आहे का? शनिवारी स्वतंत्रपणे मुलांना थेरपी देण्याला हरकत आहे का? उत्तरं तोंडी मिळाली तर आभार माना आणि लेखी मागा.

या सगळ्यात एक प्रश्न मी वेगळा काढतो. तुमचं पद 'प्रशिक्षण आणि विक्री' असं आहे. या दोन शब्दांतला 'आणि' बारकाईने पाहा. श्रवणयंत्र लावलं की मूल बोलायला लागतं असं होत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार! यंत्र आवाज पोहोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायला शिकणं पुढे महिनोन्महिने चालतं, आणि ते तुमच्यासारखं कुणीतरी समोर बसून करून घेतं. घाबरलेल्या आईवडिलांना हे सावकाश समजावून सांगणाऱ्या माणसावर ते विश्वास ठेवतात. कंपनीला तुमचा अनुभव हवाय की तुमच्यावरचा हा विश्वास? दोन्ही हवं असण्यात गैर नाही, पण एखाद्या मुलाला महागड्या यंत्राची गरज नाही असं तुम्हाला दिसलं, तर ते स्पष्ट सांगण्याची मुभा तुम्हाला असेल का? तुमचं उत्पन्न विकलेल्या यंत्रांच्या संख्येवर असेल तर ती मुभा कागदावर असूनही तुम्ही किती वापराल? इथे मात्र मी आईच्या बाजूला जाऊन बसतो. कमी आवडणारं काम पैशासाठी काही वर्षं करता येतं. जे करताना मुलाच्या आईकडे बघता येणार नाही, ते काम अडीचपट पगारातही करू नका.

संस्थेला मात्र तुम्ही अजून काही विचारलेलंच नाही, याचं मला नवल वाटलं. ११ वर्षं झालेली माणसं बरेचदा असं करतात. मनातल्या मनात भांडतात, मनातल्या मनात राजीनामा देतात आणि समोरच्याला पत्ता लागतो तो शेवटच्या दिवशी. मीही एकदा तसंच केलं होतं. दोन वर्षं कुढत होतो, आणि सोडताना वरिष्ठ म्हणाले, 'आधी बोलला असतात तर?' ते खरं बोलत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलंच नव्हतं, तर कळणार कसं. तेव्हा विचारा. पगार अडीचपट होणार नाही, हे उघड आहे. पण मुलांची संख्या ११ वरून ८ वर येऊ शकते का? आठवड्यातले चार दिवस संस्थेत आणि दोन दिवस स्वतःची प्रॅक्टिस चालेल का? वर्षभराची बिनपगारी रजा देतात का? 'दुसरीकडून विचारणा झालीय' एवढंच सांगा, धमकीचा सूर नको. आणि मागायचं ते नेमकं मागा. 'काहीतरी करा' असं म्हटलं की कुणीच काही करत नाही.

स्वतःची प्रॅक्टिस हा मार्ग तुमच्या पत्रात कंसात, अर्ध्या वाक्यात आलाय. 'वेळ कुठून आणणार' म्हणून तुम्ही तो तिथेच मिटवला. मला तो उघडून पाहावासा वाटतो. ११ वर्षांत ज्या कुटुंबांना तुमचा उपयोग झाला, ज्या डॉक्टरांनी आणि ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणशक्ती तपासणाऱ्या तज्ज्ञांनी) तुमच्याकडे मुलं पाठवली, त्यांची यादी करा. संस्थेतली मुलं फोडून न्यायची नाहीत, एवढं पथ्य पाळा. सुरुवातीला यातून अडीचपट मिळणार नाही, आणि कर्ज थांबायला तयार नसेल तर एवढ्यावर उडी घेऊ नका. पण समाधान आणि पैसा एकाच खोलीत बसू शकतील अशी तुमच्या धंद्यातली जागा बहुधा हीच आहे.

मला विचाराल तर काय करा? एवढं सगळं बोलून मत लपवणं बरं नाही. ठरलेल्या पगाराचा वाटा मोठा असेल, खरं बोलण्याची मुभा असेल आणि शनिवार मोकळा असेल, तर मी तुमच्या जागी ही नोकरी घेईन, आणि घेताना तिची मुदत स्वतःशी ठरवून घेईन. कर्ज फिटेपर्यंत अधिक सहा महिन्यांची शिल्लक, त्यापुढे पुन्हा विचार. त्या मुदतीत घराचा खर्च आजच्या पातळीवरून वाढू देणार नाही, कारण वाढला की मुदत गेली. व्यावसायिक नोंदणी चालू ठेवीन आणि शनिवारी दोन-तीन का होईना, मुलं पाहीन, म्हणजे परतीची वाट गवताने भरणार नाही. या तीन अटींतली एक जरी निसटली, तर संस्थेशी आणि पतींशी बोलून चार अधिक दोन दिवसांची आखणी करीन, आणि कर्ज सावकाश फेडीन. 'पैशाला भुलले' हे वाक्य यांपैकी कुठल्याच मार्गावर लागू होत नाही.

तुमच्या उलट परिस्थितीतून लिहिणारे वाचक मला महिन्यातून तीन-चार तरी भेटतात. पगार उत्तम, आणि रविवारी संध्याकाळपासून छातीवर दगड. त्यांच्यासाठी थोडं इथेच लिहितो, कारण चूक तीच आहे, फक्त पारडं बदललेलं. त्यांना वाटतं की नोकरी सोडली की समाधान आपोआप येऊन बसेल. आधी बघा, वैताग कामाचा आहे की कामाच्या जागेचा. जागेचा असेल तर तेच काम दुसरीकडे करून बघणं स्वस्त पडतं. एमी झेस्नेव्हस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये रुग्णालयातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं होतं. काम सारखंच, पण काही जणांनी ते नेमून दिल्यापेक्षा थोडं वेगळं करून घेतलं होतं: रुग्णांशी दोन शब्द बोलायचं, कुणाला काय हवंय ते बघायचं. त्यांना तेच काम जास्त मोलाचं वाटत होतं. प्रत्येक नोकरीत एवढी जागा नसते, पण आहे की नाही हे राजीनाम्याआधी तपासता येतं. कामच नको असेल, तर जे करायचंय ते आधी सुट्टीच्या दिवशी, कुणाला तरी पैसे घेऊन करून द्या. छंद म्हणून जे गोड लागतं ते मुदत आणि तक्रारी आल्या की कसं लागतं, हे चार रविवारांत समजतं. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय बाणेदार राजीनामे लिहू नका.

राहिला पस्तावा. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने एक गमतीचा प्रयोग केला होता, २०२१ मध्ये तो रीतसर छापून आला. ज्यांचा निर्णय होत नव्हता अशा लोकांनी त्याच्या संकेतस्थळावर येऊन नाणं उडवायचं: नोकरी सोडू की नको, नातं तोडू की नको. २०,००० हून जास्त वेळा नाणं उडलं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा ज्यांनी बदल केला होता ते, न केलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त खूश होते. याचा अर्थ डोळे मिटून बदल करा असा मी काढत नाही. नाणं उडवायला आलेली माणसं मुळातच कुंपणावर बसलेली होती. पण तुम्हीही कुंपणावरच आहात, आणि अशा वेळी आहे तिथेच राहिलं की पस्तावा टळतो, ही समजूत काही खरी नव्हे.

१२ दिवसांतले काही हे छापून येईपर्यंत गेलेले असतील. आज पतींशी बोला, उद्या कंपनीला टक्केवारी विचारा. मंगळवारचा कागद त्यांच्या उत्तराची वाट पाहत असताना भरता येईल. दिवस कमी पडत असतील तर आठवड्याची मुदत मागून घ्या, अडीचपट पगार देऊ करणाऱ्याला तुमच्या आठवडाभराच्या विचाराचा राग येऊ नये.

आणि त्या मुलाने उच्चारलेला पहिला शब्द कोणता होता, ते पत्रात लिहायचं राहिलंय. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कळवा.